थकलेली पोटगी पगारातून कापायची आहे, आणि कापणारा मी आहे

पगारखाते

मी एका मध्यम कंपनीत पगाराचं काम बघतो. १८० माणसं. २६ तारखेला हजेरी बंद करायची, ३० ला पैसे खात्यात. इतकी वर्षं या कामात 'नैतिक प्रश्न' असा कधी आला नव्हता. गेल्या आठवड्यात बेलिफ गेटवर लिफाफा देऊन गेला. आमच्या एका मशीन ऑपरेटरच्या पगारावर जप्ती. वर लिहिलंय 'दरखास्त', म्हणजे कोर्टाचा हुकूम अमलात आणण्यासाठीचा अर्ज. मुलाच्या पोटगीचे चालू १२,००० आणि मागच्या थकबाकीपोटी ८,०००, असे दरमहा २०,००० कापून कोर्टात भरायचे.

त्याचा एकूण पगार ४२,०००. पीएफ १,८००, व्यवसाय कर २००, पतपेढीचा हप्ता ६,५००. त्यातून हे २०,००० गेले की हातात १३,५००.

कापायचं की नाही हा प्रश्नच नाही, हुकूम आहे. पण तो माणूस परवा जेवणाच्या सुट्टीत पगाराची स्लिप घेऊन माझ्या टेबलाशी आला. स्लिपची चार घड्या घालून बारीक पुडी केली होती. म्हणाला, "साहेब, बेसिक कमी दाखवा, बाकीचं व्हाउचरवर द्या. कोणाला कळतंय?" मी नाही म्हटलं. तो गेला आणि माझं कामात लक्ष लागेना.

थकबाकी झाली कशी ते ऐका. बायकोने अर्ज केला मार्च २०२१ मध्ये, मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा. निकाल लागला फेब्रुवारी २०२४ च्या शेवटी. दरमहा १२,०००, अर्जाच्या तारखेपासून. म्हणजे ३६ महिने गुणिले १२,००० बरोबर ४,३२,०००. आदल्या दिवशी हा माणूस कोणाचं काही देणं लागत नव्हता, दुसऱ्या दिवशी सव्वाचार लाखांचा थकबाकीदार. निकालानंतरचे चालू पैसे तो देत आला, मागेपुढे झालं तरी भरले. मागचं मात्र तसंच राहिलं. ८,००० ने ते फिटायला ५४ महिने लागतील. मुलगा आता तेरा वर्षांचा आहे. फिटेल तेव्हा तो अठराला टेकलेला असेल.

दुकानावर (आमच्याकडे शॉप फ्लोअरला दुकानच म्हणतात) सगळे त्याच्या बाजूने आहेत. मला मात्र धड कुठलीच बाजू घेता येत नाही. वसुली न्याय्य कधी म्हणायची?

सडेतोड

सोपं आहे. कायदा बायकांचा आहे. पुरुष म्हणजे एटीएम. मुलाला भेटू देत नाहीत आणि पैसे मात्र वेळेवर पाहिजेत.

आईची_डायरी

पगारखाते, तुम्ही हिशोब चांगला मांडलात, पण त्यातली एक ओळ राहिली. मार्च २०२१ ते फेब्रुवारी २०२४ या ३६ महिन्यांत तो मुलगा जेवला, शाळेत गेला, दोनदा तरी तापाने पडला असेल. कोणाच्या पैशांनी? 'कोणाचं काही देणं लागत नव्हता' हे वाक्य परत वाचा. देणं होतंच. फक्त आकडा लिहिलेला नव्हता.

माझी केस सांगते. मला मुलीसाठी ७,००० मंजूर झाले. सहा महिने आले, मग बंद. मी एक दोनशे पानी वही केली. डावीकडे तारीख आणि किती यायला हवे होते, उजवीकडे किती आले. उजवीकडची पानं कोरी राहायला लागली तशी मी त्यावर मुलीचे खर्च लिहायला लागले. चष्मा. सहलीचे पैसे. दुसरा चष्मा, कारण पहिला तिने बसमध्ये विसरला. शेजारणीकडून घेतलेले उसने. माझ्या आईची एक बांगडी. ती 'थकबाकी' म्हणजे एवढं सगळं असतं. तीन वर्षांनी ती रक्कम आली तेव्हा मुलीवर नवा खर्च करायला नाही आली, जुनी उसनवारी फेडण्यात गेली. त्यामुळे 'नऊ वर्षांच्या मुलाचे पैसे अठराव्या वर्षी कशाला' या युक्तिवादाने माझं डोकं फिरतं.

सडेतोड, भेटीबद्दल: मुलीला भेटायला मी कधी अडवलं नाही. तोच यायचा नाही, कारण आला की पैशांचा विषय निघेल. हीपण एक बाजू असते.

काळा_कोट

वकील आहे, फौजदारी आणि कौटुंबिक दोन्ही कोर्टांत उभी राहते, म्हणून जरा लांबण लावते. घाईत असाल तर पुढच्या प्रतिसादावर जा.

आधी सडेतोड यांच्यासाठी. मुलाची पोटगी हा मुलाचा हक्क आहे. भेट नाकारली तर त्यासाठी वेगळा अर्ज करा, पण ते कारण देऊन पैसे थांबवता येत नाहीत. आणि पैसे थकले म्हणून भेट थांबवणंही तितकंच चूक. दोन्हीकडची मंडळी मुलाला तारण ठेवल्यासारखं वागवतात. शिवाय हिंदू दत्तक व पोटगी कायदा, १९५६ चं कलम २० बाप आणि आई दोघांवर जबाबदारी टाकतं. आई चांगली कमावती असेल तर मुलांचा खर्च दोघांच्या मिळकतीच्या प्रमाणात वाटता येतो. पद्मजा शर्मा प्रकरणात २००० साली सर्वोच्च न्यायालयाने बाप दोन वाटे, आई एक वाटा असं धरलं होतं. तेव्हा एटीएम वगैरे राहू द्या.

आता पगारखाते यांचा माणूस. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० बघा. साध्या कर्जाचा हुकूमनामा असेल तर पगाराचे पहिले १,००० आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित. पोटगीच्या हुकूमनाम्यात गणित उलटं होतं, फक्त एक तृतीयांश सुरक्षित. म्हणजे ४२,००० पैकी १४,००० ला हात लावता येत नाही, २८,००० पर्यंत जप्ती बसू शकते. कोर्टाने २०,००० लावले आहेत. हातात १३,५०० उरतात ते पतपेढीच्या हप्त्यामुळे. कर्ज त्याने आपणहून घेतलंय. पोटगी ठरवताना कोर्टं साधारणपणे कर आणि पीएफसारख्या सक्तीच्या कपातीच वजा धरतात. नाहीतर जो तो कर्ज काढून मोकळा होईल.

बेसिक-भत्त्यांची युक्ती: कायद्यात 'पगार' म्हणजे महिन्याचं एकूण वेतन. ज्या भत्त्यांना सूट आहे ते सरकारी, रेल्वे किंवा स्थानिक संस्थेच्या नोकरांचे, आणि तेही तशी अधिसूचना असेल तरच. तुमच्या कंपनीत बेसिक कमी केलं तरी बेरीज तीच. व्हाउचरवर रोख दिलेत तर ती सरळ लपवाछपवी झाली. आदेश २१, नियम ४८अ वाचा: हुकूम पोचल्यावर त्याविरुद्ध जाऊन दिलेल्या रकमेला मालक स्वतः जबाबदार. साहेबांच्या टेबलावर हा नियम छापून ठेवा.

अर्जाच्या तारखेपासून का? रजनेश विरुद्ध नेहा, ४ नोव्हेंबर २०२०. त्याआधी कुठे अर्जापासून, कुठे आदेशापासून, ज्याच्या त्याच्या नशिबाने. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, अर्जापासूनच. कारण खटला लांबवणाऱ्याला लांबवण्याचं बक्षीस मिळायला नको. हे मला पटतं. पण तुम्ही दाखवलेला डोंगरही खराच आहे, आणि तो उभा राहतो अंतरिम आदेशाच्या उशिराने. अंतरिम पोटगीचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा असं २००१ च्या दुरुस्तीपासून कायद्यातच आहे. रजनेशमध्ये चार ते सहा महिने म्हटलंय. तुमच्या माणसाचा अंतरिम अर्ज तीन वर्षं पडून होता का, विचारा. चौथ्या महिन्यात ८-९ हजारांचा अंतरिम आदेश झाला असता तर त्याला दर महिन्याला टोचलं असतं, पण डोंगर झाला नसता.

पगारखाते

विचारलं. अंतरिम अर्ज होता, प्रत्येक तारखेला 'म्हणणे दाखल करण्यासाठी मुदत' असं होत राहिलं. मुदत कोण मागत होतं हेही विचारलं. गप्प बसला. मग म्हणाला, "वकील म्हणाला लांबवू."

आईची_डायरी

झालं मग.

उतारवाट

नाही, झालं नाही. मी त्या दुसऱ्या बाजूचा आहे, म्हणून लिहितो.

माझी नोकरी २०२० च्या जूनमध्ये गेली. दोन मुलांचे मिळून १५,००० ठरले होते, मी चार वर्षं न चुकता दिले होते. नोकरी गेल्यावर दोन महिने साठवलेल्यातून दिले. मग मित्राच्या गोदामात हिशोबाला बसलो, महिना ११,०००. त्यातले ५,००० द्यायचो, तेही हातात, मुलांच्या आजोबांकडे. पावती कोण मागतो म्हाताऱ्या माणसाकडे? दीड वर्षाने वसुलीचा अर्ज आला. पहिल्या दोन महिन्यांचे बँकेतून गेले म्हणून वाचले, बाकी सगळे महिने पूर्ण थकीत. पाच हजारांचा कुठे पत्ताच नाही.

वॉरंट घेऊन हवालदार आला तेव्हा मी घरी होतो. चांगला माणूस होता, म्हणाला, "आतून शर्ट घालून या, शेजारी बघतायत." मी बनियनवर होतो. महिना आत काढला. बाहेर आलो तर गोदामातली जागा भरलेली आणि थकबाकीतला रुपया कमी नाही. उलट तो महिनाही मीटरवर चढला.

ज्याच्याकडे आहे आणि देत नाही त्याला आत टाका, मी टाळ्या वाजवीन. पण माझ्याकडे नाही हे कोणी तपासलंच नाही. मला विचारलं फक्त, "भरताय का?"

काळा_कोट

उतारवाट, वाईट वाटलं. तुमच्या दोन चुका, एक व्यवस्थेची.

पहिली चूक, परिस्थिती बदलली की रक्कम बदलून मागायचा अर्ज असतो. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२७, जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेत १४६. तो नोकरी गेली त्याच महिन्यात टाकायचा. माझ्याकडे येणारे दहापैकी नऊ पुरुष तो टाकत नाहीत. 'बघू, लागेल नोकरी' म्हणत थकबाकी वाढू देतात आणि वॉरंट निघालं की धावत येतात. दुसरी चूक, हातात पैसे. मुलाच्या सख्ख्या आजोबांना दिले तरी बँकेतून द्या, तपशिलात महिना लिहा.

व्यवस्थेची चूक तुम्ही म्हणता तीच. कलम १२५ (आता १४४) मध्ये 'पुरेशा कारणाशिवाय' असे शब्द आहेत. पुरेसं कारण आहे का याची चौकशी व्हायला हवी. व्हायला हवी. रोजच्या बोर्डावर पन्नास-साठ प्रकरणं असताना ती दोन मिनिटांत होते. आणि 'धडधाकट माणसाने अंगमेहनत करूनही पोसलं पाहिजे' हे तत्त्व, २०२२ च्या अंजू गर्ग प्रकरणातही तेच म्हटलंय, ते कामचुकारांसाठी अगदी बरोबर आहे. पण धडधाकट माणूस ११,००० च मिळवत असेल तर १५,००० कुठून देणार, याचं उत्तर त्या वाक्यात नाही.

तुरुंगाने देणं फिटत नाही हे मात्र पक्कं. कुलदीप कौर विरुद्ध सुरिंदर सिंग, १९८९. कैद हा वसुलीचा दट्ट्या, शिक्षा भोगली म्हणून पैसे माफ नाहीत.

आईची_डायरी

उतारवाट, तुमचं वाचून दोन दिवस काही लिहिलं नाही.

तरी लिहिते. माझ्या केसमध्ये सकाळी अकराला वॉरंट बजावलं आणि संध्याकाळी पाचच्या आत ६०,००० जमा. तीन वर्षं 'धंदा बसलाय' सांगणाऱ्याकडे सहा तासांत साठ हजार निघाले. गाडी त्याच्या आईच्या नावावर, दुकान भावाच्या, आयकराच्या कागदावर वर्षाचं उत्पन्न २ लाख ४० हजार. पगारदाराला कापता येतं, याला काय कापणार? अशा माणसाला तुरुंगाची भीती नको म्हणालात तर माझ्या हातात उरतं काय?

आणि एक वर्षाचा नियम. बाकी नवऱ्यांना सगळं ठाऊक नसलं तरी हा नियम बरोबर ठाऊक असतो.

काळा_कोट

हो, रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज, नाहीतर त्या रकमेसाठी वॉरंट नाही. मी अशिलांना सांगते, दर अकराव्या महिन्याला अर्ज टाका, वाढदिवसासारखी तारीख लक्षात ठेवा. पण वर्ष उलटलं म्हणून हक्क बुडत नाही. पूनगोडी विरुद्ध थंगवेल, २०१३: वर्षाची अट फक्त त्या वॉरंटच्या मार्गापुरती, दिवाणी वसुलीचा रस्ता उघडाच राहतो. आणि बायका-मुलांना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. १९८७ च्या कायद्याचं कलम १२. हे कितीतरी जणींना माहीतच नसतं.

कागदावर गरीब असणाऱ्यांसाठी रजनेशमध्ये मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र सक्तीचं केलंय, बँकेचे उतारे, कर्जं, राहणीमान, सगळं. ते दोघांनीही द्यायचं. मला विचाराल तर वसुलीच्या टप्प्यावरही पुन्हा नवं मागावं. उतारवाटांचं खरं दारिद्र्य आणि डायरीताईंच्या नवऱ्याचं खोटं दारिद्र्य वेगळं काढायला दुसरी चाळणी नाही.

राईनकाठ

जर्मनीतून. इथे एक सोय आहे, उंटरहाल्ट्सफोरशुस. बाप किंवा आई पैसे देत नसेल तर युवक कल्याण कार्यालय मुलाला ठरावीक रक्कम आगाऊ देतं आणि नंतर ती देणेकऱ्याकडून वसूल करायला बघतं. पूर्वी हे बाराव्या वर्षापर्यंत आणि जास्तीत जास्त ७२ महिने होतं, जुलै २०१७ पासून अठरापर्यंत (बारानंतर काही अटी आहेत). रक्कम फार नसते, आणि सरकारची वसुलीही अर्धवटच होते. पण मुलाचा महिना अडत नाही आणि भांडण सरकार विरुद्ध बाप असं होतं.

दुसरं, देणाऱ्याच्या हातात किमान किती ठेवायचं याचा आकडा न्यायालयं वापरतात. नोकरी करणाऱ्याला, अल्पवयीन मुलांच्या बाबतीत, २०२४ च्या तक्त्यात महिना १,४५० युरो. तुमच्याकडे 'एक तृतीयांश' आहे, म्हणजे ४२,००० वाल्याला १४,००० आणि दीड लाखवाल्याला ५०,०००. टक्केवारी गरिबालाच जास्त चावते.

सडेतोड

जर्मनी सोडा हो. इथे सरकार आगाऊ देणार? रेशनचं बघा आधी.

जिन्यावरचा

बऱ्याच दिवसांनी काहीतरी लिहितोय. मी या वादातलं मूल आहे. आता एकतीस वर्षांचा आहे.

आमच्यात कोर्ट नंतर आलं, आधी 'आपसात' ठरलं होतं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी बाबांकडे जायचो आणि येताना पाकीट आणायचो. आम्ही चौथ्या मजल्यावर राहायचो. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर खिडकी होती, तिथे थांबून मी पैसे मोजायचो. कारण कमी असले तर आई काय बोलेल याची तयारी लागायची. १५०० पाहिजेत आणि १२०० आहेत, असं असलं की मी थोडा वेळ तिथेच बसायचो. एकदा खेळाच्या बक्षिसाचे माझे ५० रुपये त्यात घातले. आईला कळलं, कारण ती नोट घडीची होती आणि बाबा नेहमी कोऱ्या नोटा द्यायचे.

ते खरंच अडचणीत होते की मुद्दाम करत होते, मला आजही सांगता येणार नाही. दोघांनी आपापली गोष्ट सांगून झाली आहे. पगारखाते, तुमच्या टेबलावरचा तो कागद मला तेव्हा मिळाला असता तर रविवारी मी नुसता बाबांकडे गेलो असतो.

उतारवाट

हे वाचून कसंतरी झालं. आजोबांच्या हातात पैसे देताना माझा धाकटा दारात उभा असायचा.

आईची_डायरी

जिन्यावरचा, मी मुलीसमोर वही उघडून बसायची. बंद करते आता.

काळा_कोट

एक व्यवहाराचं. पगारखाते, त्या माणसाला सांगा, थकबाकीचा हप्ता कमी करून मागता येतो. पतपेढीचा हप्ता, भाडं, आजारपण, सगळ्याचे कागद लावून दरखास्तीतच अर्ज करायचा. चालू १२,००० ला हात लावू नका म्हणावं, मुलाचा चालू महिना कमी करा म्हणणारा माणूस कोर्टाला आवडत नाही आणि मलाही. पण ८,००० चे ५,००० करा म्हटलं तर कोर्ट ऐकतं, हप्ते नियमित येणार असतील तर समोरची बाजूही बरेचदा मान्य करते. घरगुती हिंसाचाराच्या कायद्यातही, २००५ चा, कलम २०(६), थेट मालकाला कापायला सांगता येतं. मला विचाराल तर आदेश झाल्या दिवसापासून, भांडण व्हायच्या आधीच, पगारदाराची पोटगी पगारातूनच जावी. कपात म्हणजे बेअब्रू असं आपण करून ठेवलंय. पीएफ कापला जातो तेव्हा कोणाची अब्रू जाते?

पगारखाते

काल पहिली कपात केली, म्हणून लिहितोय.

त्याने हप्ता कमी करण्यासाठी अर्ज दिलाय, निर्णय व्हायचा आहे. तोवर २०,००० च. स्लिप छापायच्या आधी तो पुन्हा टेबलाशी आला. मला वाटलं परत व्हाउचरचं काढणार. म्हणाला, "स्लिपवर काय येईल?" आमच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या रकान्याचं नाव 'कोर्ट जप्ती' असं कोणीतरी पूर्वी टाकून ठेवलंय. पतपेढीत स्लिप द्यावी लागते, घरमालकालाही दाखवावी लागते. मी नाव बदलून 'मुलाचा खर्च' केलं. हिशोबाच्या दृष्टीने त्याने काही बिघडत नाही, कोर्टाच्या पत्रात दरखास्त नंबर आहेच.

संध्याकाळी सुटीच्या वेळी परत आला. "गेले का?" मी बँकेचा व्यवहार क्रमांक दाखवला. लांबलचक असतो तो. त्याने मोबाइलवर फोटो काढला नाही. खिशातली स्लिप काढली, तीच चार घड्यांची सवय, आणि मागच्या बाजूला एकेक आकडा वाचून लिहून घेतला. एक चुकला, तो खोडून पुन्हा लिहिला.